पिस्तूल खोतांचं, कव्हर सावंतवाडीचं

आधी जे घेऊ नये ते सांगते. काळ्या नायलॉनचं, आतून जाळीचं अस्तर असलेलं, 'सर्व पिस्तुलांना चालेल' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं, घरपोच ४९९ रुपयांना येणारं, पिस्तूल कमरेला लावायचं कव्हर. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही. तसलं कव्हर दहा नावांनी विकलं जातं आणि दहाही जणांची शिवण एकाच मशीनवरची वाटते. मी ते २०२२ च्या डिसेंबरात मागवलं. फेब्रुवारीत त्याने मला एक आवाज ऐकवला. तेव्हापासून शेजारच्या पोरांनी ओटीवर कॅरम मांडला की मी आतल्या खोलीत जाऊन बसते.

माझा वेंगुर्ल्याला काजूचा छोटा कारखाना आहे. चौदा बायका कामाला, एक बॉयलर, एक टेम्पो. मार्च ते मे काजूबीची खरेदी असते, आणि ती रोखीची. मठ, होडावडा, आडेली, तुळस या बाजूला टेम्पो घेऊन फिरायचं, काट्यावर पोती चढवायची, पैसे हातावर ठेवायचे. शेतकरी मोबाइलवर पैसे घेतो, नाही असं नाही, पण काजू देणारी म्हातारी पदराच्या गाठीत नोट बांधूनच घरी जाते. त्यामुळे हंगामात पिशवीत दोन-अडीच लाख असतात आणि रस्ता असतो बागांमधला, निर्मनुष्य. आमचे हे होते तोवर खरेदीला तेच जायचे. २०२० मध्ये ते गेले. मागे राहिला कारखाना, बँकेचं कर्ज आणि आजेसासऱ्यांचं पिस्तूल.

आजेसासरे खोत होते. खोती गेली, वाडा अर्धा पडला, पण पिस्तूल तीन पिढ्या परवान्यावर चालत आलं. वारस म्हणून ते माझ्या नावावर करायला ओरोसला, जिल्ह्याच्या कचेरीत, किती खेपा झाल्या ते लिहायला बसले तर हा लेख त्याचाच होईल. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, डॉक्टरचा दाखला, पोलीस चौकशी, मुलांची नाहरकत. झालं एकदाचं.

पिस्तूल ब्राउनिंगचं. एफएन कंपनीचं १९१० मॉडेल, बेल्जियममधल्या हेर्स्टाल गावी बनलेलं, .३२ बोअरचं. बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचं माप. आपल्याकडे साध्या परवान्यावर .३२ मिळतं, ९ मिलिमीटर पोलिसांसाठी आणि लष्करासाठी. १९१४ साली साराएव्होला ऑस्ट्रियाच्या युवराजाला ज्या पिस्तुलाने मारलं तेही याच मॉडेलचं होतं, फक्त बोअर वेगळं. ही माहिती भाच्याने दिली तेव्हा मी म्हटलं, बरं झालं सासूबाईंना माहीत नव्हतं, त्यांनी ते घरात ठेवूच दिलं नसतं.

भाचा, म्हणजे माझ्या बहिणीचा मुलगा, मुंबई पोलिसांत आहे. कमरेला ग्लॉक. तो गणपतीला आला की पिस्तुलाची साफसफाई तोच बघतो. पहिल्यांदा त्याने ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाला, "मावशी, हे स्ट्रायकरवालं आहे. याला घोडा नाही."

मी म्हटलं, घोडा नाही म्हणजे? आमच्याकडे पिस्तुलालाच घोडा म्हणतात.

घोडा म्हणजे मागचा तो हातोडीसारखा भाग, जो रिव्हॉल्व्हरला बाहेर दिसतो. तो मागे ओढलेला आहे की पुढे टेकलेला, हे आंधळ्यालाही बोटाने कळतं. स्ट्रायकरच्या पिस्तुलात हातोडी नसते. आत एक लोखंडी सळी असते, तिच्यामागे स्प्रिंग. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, मागे ओढली की सळी मागे जाते आणि एका खुंटीला अडकून राहते. चाप ओढला की खुंटी खाली होते आणि सळी काडतुसाच्या बुडावर आपटते. कॅरममध्ये आपण मधलं बोट अंगठ्यामागे ताणून धरतो ना, टिचकी मारायच्या आधी, तसं. अंगठा सरकला की स्ट्रायकर गेला. फरक एवढाच की ताणलेलं बोट बाहेरून दिसतं, पिस्तुलाच्या पोटातलं दिसत नाही. माझं हे ब्राउनिंग एकदा स्लाइड ओढली की पूर्ण ताणलेलं असतं. भाच्याचं ग्लॉक अर्धवट ताणलेलं असतं, उरलेला ताण चाप ओढताना बसतो. शिवाय आत सळीच्या वाटेत एक अडसर आहे, तो चाप मागे आल्याशिवाय हटत नाही. ऑस्ट्रियाच्या लष्कराने १९८२ मध्ये ते घेतलं तेव्हापासून हीच रचना. माझ्या शंभरीच्या म्हाताऱ्यात तो अडसर नाही. त्याला मुठीमागे दाबायची एक सेफ्टी आहे, डाव्या अंगाला सेफ्टीचाच एक खटका आहे, आणि मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढलं की चाप चालत नाही. ब्राउनिंगसाहेबाने त्या काळात पुष्कळ विचार केला होता, पण तीनही सेफ्ट्या माणसाच्या हातावर आणि डोक्यावर अवलंबून.

म्हणून भाच्याचा पहिला हुकूम असा की नळीत काडतूस ठेवायचं नाही. मॅगझिन भरलेलं, चेंबर रिकामं. वेळ आली तर स्लाइड ओढायला एक क्षण जास्त लागेल, तो लागू दे. मी मान्य केलं. काजूच्या बागेत माझ्यावर चाल करून येणाराही गुडघे दुखणाराच असेल.

दुसरा हुकूम, रोज दहा वेळा रिकाम्या पिस्तुलाने काढ-घाल करायची. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कपाटात, कुलूप. मॅगझिन रिकामं पण आत, कारण त्याशिवाय चाप हलत नाही आणि सराव खोटा होतो. तोंड मातीच्या भिंतीकडे.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी मी अशीच मागच्या पडवीत उभी होते. कुर्त्याखाली यांचा जुना पट्टा, पट्ट्याला ते नायलॉनचं कव्हर. काढलं, ठीक. आत सारायला गेले. त्या कव्हराला वरून आडवी एक पट्टी असते, प्रेसबटणाची, पिस्तूल पडू नये म्हणून. ती पट्टी कापडासारखी मऊ. कव्हराचं तोंडही मऊ, पिस्तूल निघालं की मिटतं. मग ते तोंड पिस्तुलाच्या नाकाने उघडत आत ढकलावं लागतं. पट्टी आत दुमडली आणि चापाभोवतीच्या कडीत शिरली. मला दिसलं नाही, माझी नजर भिंतीवर. मूठ घट्ट धरलेली, म्हणजे मागची सेफ्टी दाबलेली. खटका लावायला विसरले होते. थोडं अडलं म्हणून जोर दिला.

टक्.

चापावर माझं बोट नव्हतं. हे मी देवाशपथ सांगते आणि तसं सांगताना मला कळतं की अशा वेळी प्रत्येक जण हेच सांगत असणार. पण चाप ओढला गेला होता. पट्टीने ओढला. आत काडतूस असतं तर गोळी मांडीतून खाली गुडघ्याकडे गेली असती, आणि वेंगुर्ल्याहून मोठ्या इस्पितळात पोचेपर्यंत काय झालं असतं ते मी पडवीच्या पायरीवर बसून बराच वेळ मोजत होते. आतून सुनेने विचारलं, आई, काय पडलं? मी म्हटलं, काही नाही, सोंगटी.

भाच्याला फोन केला. तो ओरडेल वाटलं होतं. ओरडला नाही. म्हणाला, "काढायला घाई असू शकते मावशी, ठेवायला कसली? ठेवायला अख्खा दिवस पडलाय. बघून ठेव. आणि ते कव्हर चुलीत घाल." नायलॉन चुलीत घालू नये म्हणून कात्रीने कापलं आणि टाकलं.

आमच्या बाजूला 'आपोआप सुटली' हा शब्द फार ऐकू येतो. घरटी नाही पण वाडीवाडीत शेतीसंरक्षणाची बंदूक आहे. ठासणीची, नाहीतर काडतुसाची एकनळी. रानडुक्कर आणि माकडं यांच्यासाठी. कुणीतरी गडगा, म्हणजे दगडी कुंपण, ओलांडताना पडतो, बंदूक सुटते, आणि पंचनाम्यात लिहिलं जातं, आपोआप सुटली. मी लहानपणापासून ऐकत आले आणि मनात म्हणत आले, आपोआप काही सुटत नाही, गाढवा, तू भरलेली बंदूक घेऊन गडग्यावर चढलास. त्या टक् नंतर माझं तोंड थोडं बंद झालं. माझंही आपोआपच होतं की. फक्त त्या आपोआपच्या मागे ४९९ रुपयांची एक पट्टी होती.

रात्री झोप लागेना म्हणून वाचत बसले, आणि तेव्हापासून हा विषय सुटलाच नाही. अमेरिकेत या एका शब्दावर अख्खी न्यायालयं बसली आहेत. सिग सॉअर कंपनीचं पी३२० नावाचं पिस्तूल, २०१४ मध्ये बाजारात आलं. स्ट्रायकरवालं, आणि ताणाच्या बाबतीत ग्लॉकसारखं अर्धवट नव्हे, माझ्या म्हाताऱ्यासारखं पूर्ण ताणलेलं. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी लष्कराने तेच निवडलं, एम१७ आणि एम१८ या नावांनी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चाचण्यांतून असं दिसलं की ते ठरावीक कोनात खाली पडलं तर चाप न ओढता सुटू शकतं. कारण ऐकून मला एसटी आठवली. एसटीने ब्रेक मारला की गाडी थांबते पण उभा माणूस पुढे जातो. पिस्तूल जमिनीवर आपटून थांबतं, जड चाप मात्र आपल्या वजनाने पुढचा प्रवास करतो, म्हणजे स्वतःला ओढून घेतो. कंपनीने चाप हलका केला, आतले काही भाग बदलले आणि जुन्या गिऱ्हाइकांना दुरुस्ती फुकट करून द्यायची योजना काढली. इथवर भांडण नाही.

भांडण त्यानंतरचं. पिस्तूल पडलेलं नाही, कव्हरात आहे, कमरेला आहे, आणि सुटलं, अशा तक्रारी येत राहिल्या; त्यांत पोलीसही आहेत. कंपनी ठाम आहे की चाप ओढल्याशिवाय हे पिस्तूल सुटत नाही. काही दावे कंपनीच्या बाजूने गेले. पण जून २०२४ मध्ये जॉर्जियात एका ज्युरीने दावेदाराला २३ लाख डॉलरहून जास्त दिले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये फिलाडेल्फियात एका माजी सैनिकाला १ कोटी १० लाख डॉलर. तो माणूस जिना उतरत होता, पिस्तूल कव्हरात, कव्हर खिशात. दावेदारांचं मुख्य म्हणणं रचनेवर होतं: पूर्ण ताणलेलं, थोड्या जोरानेच चाप ओढला जाणारं पिस्तूल, आणि बाहेरून लावायची सेफ्टी नाही. लष्कराच्या नगाला अंगठ्याचा खटका आहे, बाजारातल्या बहुतेकांना नाही. माझ्या आजेसासऱ्यांच्या पिस्तुलाला १९१० पासून आहे, हे वाचून मला उगाच घराण्याचा अभिमान वाटला.

मग जुलै २०२५. वायोमिंग राज्यातल्या एफ. ई. वॉरन हवाई तळावर एम१८ ची गोळी लागून एक तरुण हवाई सैनिक गेला. अण्वस्त्रं सांभाळणाऱ्या त्यांच्या ग्लोबल स्ट्राइक कमांडने सगळी एम१८ बाजूला ठेवली, तपासणी केली. ती बातमी वाचून मी भाच्याला म्हटलं, बघ, शेवटी पिस्तुलाचाच दोष. ऑगस्टमध्ये पिस्तुलं परत वापरात आली आणि त्या मृत्यूच्या प्रकरणात तळावरच्याच एका सहकाऱ्याला अटक झाली. खोटं निवेदन दिल्याचा संशयही त्यात होता. भाचा म्हणाला, "मावशी, पंचनामा पूर्ण होईपर्यंत थांबायचं असतं." पोलिसाच्या तोंडून हे ऐकायची वेळ यावी!

त्यामुळे पी३२० चांगलं की वाईट, याचा निवाडा मी वेंगुर्ल्यात बसून देत नाही. ते माझ्याकडे नाही, आपल्याकडे साध्या परवान्यावर मिळायचंही नाही. मला एवढं दिसलं की पिस्तूल आतून कसं आहे हे माझ्या हातात नाही. कव्हर आहे. आणि कव्हर म्हणजे पिस्तुलाचं पाकीट अशी जी माझी समजूत होती, ती साफ चुकीची. कव्हर हा पिस्तुलाचाच एक भाग आहे, सेफ्टीसारखा, फक्त कंपनी तो सोबत देत नाही.

नायलॉन कापून टाकल्यावर मी दुसरी चूक केली, ती पटकन सांगते. बेळगावकडच्या एका दुकानातून तयार कातडी कव्हर आणवलं, २२०० रुपये. दिसायला देखणं, वासही छान. होतं मोठ्या पिस्तुलाचं. माझं आत ढिलं बसायचं. शिवाय कातडं पातळ, वरून चकचकीत रंग दिलेलं, आतून स्पंज. दुकानदार म्हणाला, वापरून मऊ पडेल. हेच तर नको होतं! आमच्या हवेत ते आठवड्यात मऊ पडलं आणि तोंडाची एक कड आत वळायला लागली. मऊ कातड्याची वळलेली घडी आणि ती पट्टी यांत काही फरक नाही. पोलिसांच्या जुन्या कव्हरांमुळे असे अपघात होतात हे भाच्याने सांगितलंच होतं. परत केलं. पैसे पूर्ण मिळाले नाहीत.

आणि पर्स. ओळखीच्या एक बाई, त्यांचाही परवाना आहे, म्हणाल्या, मी तर पर्समध्येच टाकते. किल्ल्या, पेन, चष्मा, लिमलेटच्या गोळ्या आणि त्यात पिस्तूल. मी त्यांच्यासमोर त्यांच्याच पर्समधली कपाटाची लांब किल्ली काढून हवेत चापाच्या कडीत घातल्यासारखी केली. त्या पांढऱ्या पडल्या.

कायडेक्स नावाचं कडक प्लॅस्टिक असतं, गरम करून पिस्तुलावरच साचा घेतात, भाच्याकडे तसलं आहे. पिस्तूल आत गेलं की खट्ट आवाज येतो, चाप पूर्ण झाकलेला, बाहेरून अंगठ्याने कितीही दाबा, ढिम्म हलत नाही. उत्तम वस्तू. पण माझ्या १९१० च्या म्हाताऱ्यासाठी साचा कुणाकडे असणार?

तर आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते.

सावंतवाडीत बाजारात एक चर्मकार आहेत, सत्तरीच्या आसपासचे. वहाणा, पट्टे, शाळेच्या पिशव्यांची दुरुस्ती. नाव आणि दुकानाची खूण लिहायची नाही असं त्यांनी मला बजावलंय: "लोक बंदुको घेवन दुकानात येतीत, माका नको ती ब्याद." त्यांच्याकडे मी वीस वर्षं वहाणा करते. काम सांगितलं तेव्हा त्यांची पहिली अट: "बाय, खराखुरा पिस्तूल हय हाडू नकात." बरोबरच होतं. परवानाधारकाने ते दुसऱ्याच्या हवाली करायचंच नसतं, आणि कव्हर बनवायला तर ते दिवसचे दिवस समोर हवं.

वाट त्यांनीच काढली. सावंतवाडीत लाकडी खेळणी करणाऱ्यांना काय तोटा! भाच्याने शिमग्याच्या सुट्टीत येऊन खाकी कागदावर पिस्तुलाची आकृती काढली, व्हर्नियरने जाडी मोजून ठिकठिकाणी लिहिली. चापाची कडी, खटका, मुठीमागची सेफ्टी, सगळं. तो कागद घेऊन मी चितारआळीत गेले. कारागिराने कागद उलटासुलटा केला आणि म्हणाला, "आंबो, फणस, केळी करून हात बसलो. आता ह्या वयात पिस्तूल." पण शिवणीच्या लाकडाचं इतकं हुबेहूब करून दिलं की पहिल्यांदा मी ते पिशवीतून काढलं तेव्हा टेम्पोचा ड्रायव्हर मागे सरकला. रंग देऊ नका म्हटलं होतं, तरी त्यांनी सवयीने मुठीला थोडा लाखेचा तांबडा हात मारलाच. साडेसहाशे रुपये.

कातडं कोल्हापूरहून आलं, आंबोली घाटाने, एसटीच्या पार्सलात. म्हशीचं, जाड, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, कोल्हापुरी चपलेच्या तळव्याचं. चर्मकार काकांनी समजावलं की केमिकलने कमावलेलं कातडं मऊ राहतं, ते आकार धरत नाही. सालीने कमावलेलं पाण्यात भिजवून साच्यावर बसवलं आणि सावलीत वाळवलं की लाकडासारखं होतं. त्यांनी तसंच केलं. भिजवलं, लाकडी पिस्तुलावर चढवलं, हाडाच्या तुकड्याने कडाकडांनी घासून आकार उठवला. तीन दिवसांनी काढलं तर कातड्यावर खटक्याचाही उंचवटा उमटलेला.

मी दोनच गोष्टी मागितल्या होत्या. चापाची कडी दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकलेली हवी, आणि पिस्तूल काढल्यावर तोंड उघडं राहायला हवं. तोंड उघडं राहण्यासाठी काकांनी दुहेरी कातड्यात पट्टी शिवली. मी म्हटलं लोखंडाची घाला. ते हसले: "खाऱ्या वाऱ्यात लोखंड? दोन पावसांत तुमचा पिस्तूलय खायत." पितळेची घातली. वरची पट्टी हवी की नको यावर आमचं अर्धा तास चाललं. शेवटी ठेवली, पण कडक कातड्याची, मागच्या बाजूने येणारी, बटण बाहेरच्या अंगाला, आणि लांबी अशी की कितीही दुमडली तरी कडीपर्यंत पोचत नाही. ते त्यांनी मला लाकडी पिस्तुलावर वीस वेळा करून दाखवलं. एका वहाणा शिवणाऱ्या माणसाने चार मिनिटांत ओळखलेली गोष्ट त्या ४९९ वाल्यांना ओळखता आली नव्हती.

सगळं मिळून, लाकडी पिस्तूल धरून, २३०० रुपये झाले. वेळ मात्र आठ आठवडे. फेब्रुवारीच्या अखेरीला सांगितलेलं एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात हातात आलं, निम्मा हंगाम संपल्यावर. मध्ये चार चकरा, दर वेळी 'सोमवारी देतंय'. कुठल्या सोमवारी ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

घरी आणून आधी रिकाम्या पिस्तुलाची परीक्षा घेतली. स्लाइड ओढून ताणलेलं, खटका मुद्दाम न लावलेला, आत सारलं आणि बाहेरून चापाच्या जागी दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. उलटं धरून हलवलं. पट्टा घालून खाली बसले, उठले, टेम्पोत चढले, पोत्यावर ओणवी झाले. रात्री सगळे झोपल्यावर पडवीत कान लावून पन्नास वेळा काढलं आणि घातलं. टक् एकदाही नाही. मग भाच्याने त्याच्या पद्धतीने परीक्षा घेतली, म्हणजे जॅकेटची दोरी, रुमालाचं टोक, कुर्त्याची कड असं सगळं मुद्दाम तोंडात अडकवून बघितलं. कुर्त्याची कड जाते. ती कुठल्याही कव्हरात जाईल. म्हणून आता ठेवताना डाव्या हाताने कुर्ता वर धरते आणि खाली बघते, पिस्तूल आत जाईपर्यंत बघत राहते.

दोष आहेत, तेही ऐका. जड आहे, पट्टा जाड लागतो आणि बायकांसाठी तसला पट्टा मिळत नाही, अजून यांचाच वापरते. पहिले दोन महिने पिस्तूल इतकं घट्ट बसायचं की काढताना कव्हरच वर यायचं. कातड्याचा रंग उतरतो. दोन फिके कुर्ते कायमचे तांबूस झाले. चालताना कुरकुरतं, चोर ऐकूनच पळेल. बसल्यावर वरची कड बरगडीत टोचते. पितळी बटणावर दर पावसाळ्यात हिरवा कळंक येतो, तो चिंचेने घासायचा तर कातड्याला डाग, म्हणून कोरड्या फडक्याने खरवडत बसते. जुलैत बुरशी येते ती येतेच, मेण लावा नाहीतर काही करा. तीन पावसाळे झाले. बुरशी पुसली की खालचं कातडं तसंच कडक आहे, तोंड तसंच उघडं आहे.

पिस्तूल मात्र कव्हरात ठेवून देऊ नका. हे मला काकांनीही सांगितलं, भाच्यानेही, आणि तरी पहिल्या पावसाळ्यात मी आठवडाभर ठेवलं. कातडं ओल धरतं. स्लाइडवर तांबेऱ्याचे तीन ठिपके आले. आजेसासऱ्यांनी ऐंशी वर्षांपूर्वी जपलेल्या निळ्या पॉलिशवर माझी तेवढी सही. आता ते तेलाच्या फडक्यात, कपाटात, आणि कव्हर वेगळं.

पाचपैकी किती, तर साडेचार. अर्धा त्या सोमवारांचा कापला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सिनेमातल्या गोविंदाच्या पायाला त्याच्याच रिव्हॉल्व्हरची गोळी लागली तेव्हा कारखान्यातल्या बायका दोन दिवस माझ्या कमरेकडे बघत होत्या. एक जण म्हणाली, "वयनी, तुमचा पण असाच सुटात तर?" मी कव्हर सोडून तिच्या हातात दिलं, लाकडी पिस्तुलासकट, आणि म्हटलं, दाब हवं तेवढं. तिने काजू फोडायच्या हातांनी दाबलं. त्या हातांपुढे बरंच काही फुटतं.

लाकडी पिस्तूल बहुतेक वेळ कव्हरातच असतं, आकार टिकावा म्हणून. २०२४ च्या लोकसभेला आमच्याकडे ७ मे रोजी मतदान होतं, म्हणजे ऐन काजूच्या हंगामात, आणि आचारसंहितेत परवान्याची शस्त्रं जमा करायला सांगतात. मी पिस्तूल घेऊन ठाण्यात गेले. हवालदारांनी नंबर ताडून पाहिला, पावती केली, कव्हर परत दिलं. म्हणाले, याची नोंद नसते, घरी न्या. मग ते पूर्ण महिना-दीड महिना मी शिवणीचं पिस्तूल कमरेला लावून मठ-होडावड्याला फिरले. कुरकुरतं तर तसंच.